ओझोन आणि आपलें रक्त

रक्तांत ओझोन मिसळला कीं रक्त शुद्ध होतें, देहांतील प्राणवायु वाढतो व जुनाट व्याधि नाहींशा होतात, अशा आशयाच्या जाहिराती हल्लीं वरचेवर दृष्टीस पडतात. ज्या घरांत एखादें वडील माणूस मधुमेहानें वा सांधेदुखीनें वर्षानुवर्षें पिडलें आहे, तेथें अशा आश्वासनाचा मोह पडावा हें स्वाभाविकच होय. म्हणूनच या उपचारानें रक्तांत प्रत्यक्ष काय घडतें, तें वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनीं १८४० सालीं या वायूस त्याच्या उग्र वासावरून ओझोन हें नांव दिलें. प्राणवायूच्या कणांत दोन परमाणु असतात, ओझोनच्या कणांत तीन. हा तिसरा परमाणु स्थिर राहात नाहीं. जो पदार्थ भेटेल त्याशीं तो तत्काळ संयोग पावतो. याच गुणामुळें ओझोन जंतूंचा नाश करतो, आणि फ्रान्समधील नीस शहरांत १९०६ पासून त्यानें पिण्याचें पाणी शुद्ध करण्यांत येऊं लागलें. परंतु तोच वायु श्वासावाटें आंत गेल्यास फुप्फुसांचा दाह करतो.

उपचाराची रीत अशी: रोग्याचें शंभर-दोनशें घनसेंटिमीटर रक्त बाटलींत काढावयाचें, त्यांत पुष्कळसा प्राणवायु व अल्पसा ओझोन मिसळावयाचा, आणि तें रक्त पुन्हां शिरेंत सोडावयाचें. येथें ओझोन हा ओझोन म्हणून टिकतच नाहीं. रक्तद्रवांतील क जीवनसत्त्व, युरिक आम्ल व स्निग्ध द्रव्यें यांशीं संयोग पावून तो क्षणार्धांत संपतो, आणि मागें हायड्रोजन पेरॉक्साइड व विकृत स्निग्ध द्रव्यें उरतात. इटलींतील सिएना येथील वेलिओ बोच्ची यांचें मत असें कीं, ही बेताची इजा देहाच्या स्वतःच्या संरक्षक शक्तीस जागी करते. ही कल्पना विचारार्ह आहे. मात्र प्रमाण वाढल्यास तांबड्या पेशींचीं आवरणें फाटतात.

प्राणवायु वाढतो म्हणावें, तर निरोगी माणसाच्या रोहिणींतील रक्तांत हिमोग्लोबिन आधींच शेंकडा ९५ हून अधिक भरलेलें असतें. भरल्या घागरींत आणखी पाणी कितीसें मावणार? जंतुनाशाचीही तीच कथा. १९९१ सालीं परीक्षानळींत ओझोननें एड्सचे विषाणु निष्प्रभ झालेले आढळले; परंतु त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील पाहणींत ओझोनमिश्रित रक्तापासून रोग्यांस उल्लेखनीय लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांतही ओझोन हा विषारी वायु असून त्याचा वैद्यकीय उपयोग ज्ञात नाहीं, असेंच नमूद आहे.

दोन धोके गृहिणींनीं व कर्त्या पुरुषांनीं ध्यानांत ठेवावे. हा वायु सरळ शिरेंत टोचणें अत्यंत घातक; त्याच्या बुडबुड्यांनीं रक्तप्रवाह अडून मृत्यु ओढवलेले आहेत. दुसरें, कांहीं कुळांत जी-सिक्स-पी-डी नांवाचें विकर जन्मतःच कमी असतें. हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो, आणि अशांच्या तांबड्या पेशी ओझोनचा मारा सोसूं शकत नाहींत. मामास वा आजोळच्या दुसऱ्या कोणास हिवतापाच्या औषधानें कावीळ होऊन लघवी काळसर झाली असेल, तर ती गोष्ट वैद्यांस अवश्य सांगावी आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी.

उपचार घेणें न घेणें हें रोग्यानें आपल्या डॉक्टरांशीं विचार करून ठरवावें. पण ओझोनच्या भरंवशावर मधुमेहाचें वा हृदयविकाराचें चालूं औषध कोणीं बंद करूं नये. घरांतील वडील मंडळी बहुधा आपल्या दुखण्याविषयीं थोडें बोलतात आणि खर्चाविषयीं त्याहून थोडें; तेव्हां असा विचार त्यांच्या मनांत आला असल्यास मुलांनीं व सुनांनीं तो थट्टेवारी न नेतां त्यांच्याजवळ बसून या गोष्टी शांतपणें समजावून द्याव्या, एवढीच आमची विनंती आहे.