शाळेची सरासरी आणि तिच्यातली मुले
अमेरिकेतील उपनगरांत घर घेताना तेथील सरकारी शाळांचे परीक्षेतील गुण आवर्जून पाहिले जातात आणि ज्या शाळेची सरासरी वरची ती चांगली असे मानले जाते. परंतु या सरासरीत शिकवण्याबरोबरच मुलांच्या घरच्या परिस्थितीचाही मोठा वाटा असतो, ही गोष्ट जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालापासून अभ्यासक मांडत आले आहेत. समजा, एका शाळेत सुस्थितीतील मुलांना सरासरी ८० आणि गरीब मुलांना ६० गुण मिळतात, तर दुसरीत अनुक्रमे ८२ आणि ६२. दुसरी शाळा दोन्ही गटांना अधिक चांगले शिकवते. तरीही पहिलीत सुस्थितीतील मुले ९० टक्के आणि दुसरीत ५० टक्के असतील, तर पहिलीची सरासरी ७८ आणि दुसरीची केवळ ७२ भरते.

म्हणूनच २००२ च्या केंद्रीय कायद्याने वंश, गरिबी, अपंगत्व आणि इंग्रजीची अपुरी ओळख यांनुसार गटवार निकाल जाहीर करणे बंधनकारक केले. गरिबी मोजताना मूल मोफत किंवा सवलतीच्या शालेय भोजनास पात्र आहे का, हे बहुधा पाहिले जाते; मात्र काही शाळांत आता सर्वांनाच मोफत जेवण मिळत असल्याने हे माप बोथट झाले आहे.

गटवार आकडे किती अस्वस्थ करू शकतात, हे ओहायो राज्यात क्लीव्हलंडलगत असलेल्या शेकर हाइट्सच्या उदाहरणातून कळते. काळी कुटुंबे येताच गोऱ्यांनी घरे विकून निघून जाऊ नये, म्हणून तेथील लडलो भागातील रहिवाशांनी १९५७ मध्ये संघटना उभारली, तर १९७० मध्ये शाळांत वंशमिश्रण साधण्यासाठी मुलांना स्वेच्छेने दुसऱ्या भागातील शाळेत बसने जाण्याची योजना आली. इतके करूनही काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या यशातील दरी उरलीच. मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी २००३ च्या पुस्तकात काळ्या मुलांच्या अभ्यासातील अलिप्ततेवर भर दिला. पण एकाच इमारतीत प्रगत अभ्यासक्रमाच्या वर्गांत बहुतांश गोरी आणि साध्या वर्गांत बहुतांश काळी मुले बसत असतील, तर त्या अलिप्ततेचा दोष मुलांवर टाकणे अन्यायाचे ठरते. तेथील शाळांनी २०२० मध्ये या पातळ्या बऱ्याच विषयांत एकत्र केल्या, तेव्हा बदल मुलांकडून मागण्याऐवजी वर्गरचनेत करण्यात आला.