दोन बोटे कमी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की भालकी-बिदरकडच्या घरांत एकच विषय निघतो, हैदराबाद. लग्नाचा बस्ता, दवाखाना, नातेवाईक यासाठी आपण तिकडे एरवीही जातोच. पण 2016 च्या एप्रिलमध्ये शहराबाहेर रावीर्यालजवळ वंडरला सुरू झाले, तेव्हापासून मुलांचे हैदराबाद म्हणजे तेच. यंदा आम्हीही निघालो. आम्ही दोघे, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची धाकटी आणि सासूबाई. मुले त्यांना अज्जी म्हणतात. जहीराबाद, संगारेड्डी करत पटानचेरूला आउटर रिंग रोडवर चढलो, तेव्हाच धाकटीने जाहीर केले, "मी रिकॉइलमध्ये बसणार."

रिकॉइल म्हणजे तिथला पोलादी रोलर कोस्टर. वेकोमा या डच कंपनीच्या 'बूमरँग' नावाच्या नमुन्याचा. गाडीला स्वतःचे इंजिन नाही, हे ऐकून माझा विश्वासच बसेना. यंत्र तिला उलटी ओढत सुमारे 35 मीटर, म्हणजे दहा-अकरा मजले उंच नेते आणि सोडून देते. पुढचे काम उताराचे. ताशी 75 किलोमीटरच्या आसपास वेगाने ती स्टेशनातून सुसाट जाते, तीनदा माणसांना उलटे करते आणि समोरचा दुसरा चढ चढू लागते. वारा आणि चाकांचे घर्षण यांनी बळ खाल्लेले असते, म्हणून शेंड्यापर्यंत आपली आपण पोचत नाही. तिथे साखळी तिला वर ओढून घेते आणि पुन्हा सोडते. आता सगळा रस्ता पाठमोरा! पुढचे वळण दिसत नाही, हीच खरी भीती.

उलटी झाली तरी गाडी पडत कशी नाही? चाके तीन तऱ्हेची असतात. रुळावरची, रुळाच्या कडेची आणि रुळाखालची. गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असते. अशा पोलादी नळीच्या रुळांची सुरुवात 1959 साली अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये झाली. त्याआधीचे कोस्टर बहुतेक लाकडी. एकोणिसाव्या शतकात काहींनी अगदी गोल चक्रे बांधून पाहिली, पण तळाशी बसणारा हिसका मानेला सोसवेना. पुढे 1976 मध्ये वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याच्या आखणीने कॅलिफोर्नियात चक्राला पाण्याच्या थेंबाचा आकार आला, तेव्हा कुठे माणसे सुखाने उलटी होऊ लागली. तरीही या बूमरँगमध्ये क्षणभर अंगावर आपल्याच वजनाच्या पाचपटीच्या आसपास भार येतो.

रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी. धाकटी उभी राहिली आणि रेघेला दोन बोटे कमी पडली. आमचे हे हळूच म्हणाले, "टाचा जरा वर कर गं." मीही गप्प राहिले, खोटे कशाला सांगू! इतक्या लांबून आलो, तिकिटे काढली, दोन बोटांनी काय होते? तिथल्या मुलाने मात्र तिच्या पायांकडे पाहिले आणि हसून मान हलवली. यांनी आधी विनवणी केली, मग आवाज चढवला. मागची रांग आमच्याकडे बघू लागली. शेवटी अज्जीनेच नातीचा हात धरला. "साकु, बा इकडे," म्हणाली.

झाडाच्या सावलीत बसल्यावर अज्जी खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या जत्रेतला पाळणा आठवू लागली. मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबाच. चार डब्यांचा लाकडी पाळणा, दोन माणसे हाताने फिरवीत. उंची कोणी विचारली नाही, पट्टा कोणी बांधला नाही. "आई घट्ट धरायची, तोच पट्टा," अज्जी म्हणाली. पण तो पाळणा हाताच्या जोराने फिरणारा होता. आता जत्रेतही विजेवरचे उंच पाळणे येतात आणि आपण लेकराला मांडीवर घेऊन तसेच बसतो. 2019 च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाजवळ झुलणारा पाळणा मोडून दोघे दगावले. 2025 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत एका पार्कात चोवीस वर्षांची मुलगी रोलर कोस्टरवरून पडून गेली. ती तर चांगली मोठी होती. यंत्र नीट राखणे चालवणाऱ्याच्या हाती, ते आपल्याला तपासता येत नाही. आपल्या हाती फक्त ती रेघ.

खांद्यावरून येणारा तो आडणा ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो. लहान अंग असले की खांदा आणि आडणा यांत फट राहते, आणि उलटे होताना त्या फटीतच अंग सरकते. हे मला घरी आल्यावर वाचून कळले. रांगेत उभी असताना माहीत असते तर यांना अडवले असते का? अडवले असते असे आज म्हणणे सोपे आहे.

मोठा एकटाच जाऊन आला. तोंड पांढरेफटक, तरी "इन्नोम्मे!" म्हणत परत रांगेत पळाला. धाकटीने परतीच्या वाटेवर जहीराबादपर्यंत अबोला धरला, माझ्याशी नव्हे, बापाशी. भालकीला पोचल्यावर हे स्वतःच पेन्सिल घेऊन आले. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून तिला उभी केले आणि रेघ ओढली. ती म्हणाली, "अप्पा, टाचा बघा. खाली टेकल्यात ना?"