पाणी आत घेणारी खिडकी

जर्मनीतल्या वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसेल असं चाकांवरचं बिऱ्हाड तयार केलं. १९७९ साली तिसऱ्या पिढीची गाडी आली, टी-थ्री. तिच्या बाजूला सरकत्या काचेची खिडकी असे. जुन्या टी-थ्रीला खातो तो पत्र्याच्या सांध्यांतला गंज, आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या वाटांपैकी ही खिडकी एक. गाडीच्या मालकाला मात्र हे बहुधा उशिरा कळतं.

कारण ही खिडकी पाणी आत घेते, आणि तशीच ती बनवलेली असते. काच सरकायची तर ती घट्ट आवळून चालत नाही. तिच्या कडेला लव असलेली पट्टी असते. ती धूळ आणि वारा अडवते, पाणी पूर्ण अडवू शकत नाही. काचेवरून ओघळलेला पाऊस खालच्या पन्हळीत उतरतो. या पन्हळीची आतली भिंत उंच आणि बाहेरची बुटकी असते, आणि बाहेरच्या भिंतीत तळाशी निचऱ्याची भोकं असतात. पाणी तिथून बाहेर पडलं की खिडकीचं काम झालं.

सगळं बिघडतं ते या भोकांपाशी. धूळ, शेवाळ आणि लवेचे तंतू मिळून त्यात चिखल बसतो. भोक स्वच्छ असलं तरी पाण्याचा पृष्ठताण आडवा येतो: ३ मिलिमीटरच्या गोल भोकावर ताणलेला पापुद्रा जवळपास १ सेंटिमीटर उंचीचं पाणी अडवून धरू शकतो. म्हणून लांबट आडवी खाच बरी. तेवढ्याच रुंदीच्या खाचेत हा अडसर निम्म्यावर येतो. गाडी उतारावर उभी असेल तर सगळं पाणी ज्या कोपऱ्यात साचतं, तिथे भोक असेलच असं नाही.

वाऱ्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणी लक्षात घेत नाही. ताशी ७२ किलोमीटरचा वारा काचेवर थेट आदळला तर त्याचा दाब सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका होतो. पन्हळीची आतली भिंत त्याहून बुटकी असेल, तर निर्दोष खिडकीतूनही पाणी बिछान्यावर येतं. समुद्रकाठच्या वादळात गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून ठेवणं हा त्यावरचा उपाय आहे. त्याला पैसाही लागत नाही.

गळती दिसली की माणूस सिलिकॉनची नळी आणतो आणि खालची कड बाहेरून लिंपून टाकतो. याहून वाईट दुरुस्ती नाही. भोकं बुजतात, पन्हळ भरते आणि पाणी आतल्या लाकडात, पत्र्याच्या घडीत, भिंतीतल्या लोकरीत शिरतं. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हा पुढचा ताप. चौकट आणि पत्रा यांच्यामधून गळत असेल तर खिडकी उतरवून, पत्र्याची कापलेली कड रंगवून पुन्हा बसवावी लागते. त्याला पर्याय नाही.

त्याआधी ते पाणी पावसाचंच आहे ना, हे पाहावं. बंद गाडीत झोपलेल्या दोघांच्या श्वासाघामातून एका रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळतं आणि थंड काचेवर उतरतं. कोरड्या रात्रीनंतरही सकाळी पन्हळ ओली असेल, तर दोष हवा खेळत नसल्याचा आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरला बिछाना आणि ओटा बसवून लोक कोकणात, सह्याद्रीत जाऊ लागले आहेत. तिथला पाऊस आडवा येतो. आपल्या फ्लॅटच्या अॅल्युमिनियम खिडक्यांतही हीच पन्हळ आणि हीच भोकं असतात, आणि रंगकाम करताना ती बुजलेली आढळतात.

तेव्हा मृगाआधी एवढं करा. पन्हळ ब्रशने झाडा, भोकांतून जाड नायलॉन दोरा फिरवा. तार नको, तिने रंग खरवडला जातो आणि तिथूनच गंज धरतो. मग पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर जाऊन पाहा. ते धारेने पडलं पाहिजे. नुसतं थेंबथेंब येत असेल, तर भोक पुन्हा साफ करा.