एकटीचा हवापालट

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. एकदा दिवसा, एकदा रात्री. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाचं त्यावाचून अडत नाही. वेळणेश्वरला चार दिवस राहायला आलेल्या पाहुणीला हा हिशेब पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी बोटांवर करून दाखवतं. सकाळी वाळूवर लांबवर चालायचं की जेवून दुपारी निघायचं, हे त्यावरच ठरतं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातलं हे गाव. घाटी उतरलं की आधी नारळीचे शेंडे, मग शंकराचं देऊळ आणि त्याला लागूनच समुद्र. वेळणेश्वर कुलस्वामी असलेली घराणी दर्शनाला येतात, महाशिवरात्रीला यात्रा भरते. अलीकडे मात्र आणखी एक पाहुणी दिसू लागली आहे. ती कुलाचाराला आलेली नसते, सहलीच्या घोळक्यातही नसते. खांद्याला एक सॅक, बरोबर कुणी नाही. तिला चार दिवस झोपायचं असतं, चालायचं असतं आणि कुणासाठी काही करायचं नसतं.

याच चार दिवसांना हल्ली ‘वेलनेस रिट्रीट’ म्हणतात, आणि त्यासाठी जगभर ज्वालामुखीच्या बेटांना मोठी मागणी आहे. बाली, आइसलँड, मॉरिशस, रियुनियन. गरम पाण्याचं स्नान, तेलाचं मर्दन, साधं जेवण, भोवती काळा खडक आणि निळं पाणी. एकटीने जाणाऱ्या बाईला तिथे कुणी कारण विचारत नाही, हेही त्या आकर्षणातलं मोठं कारण. पण या यादीतली बहुतेक प्रत्येक गोष्ट वेळणेश्वरच्या आसपास आहे, आणि ज्वालामुखीही तिला अपवाद नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो काळा पाषाण पसरलेला आहे, सह्याद्री त्याचाच. कोकणच्या उष्ण, पावसाळी हवेत हाच पाषाण लाखो वर्षं कुजत गेला, विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि जांभा तयार झाला. वेळणेश्वरच्या घरांच्या भिंती, गडगे, विहिरींची बांधणी, सगळीकडे या जांभ्याचे चिरे दिसतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वारा-उन्हात टणक होत जातो. ताज्या चिऱ्यावर हात फिरवला तर तळहाताला तांबूस पूड लागते. ती थंड होऊन झिजलेल्या लाव्हाची पूड आहे.

हा लाव्हा आला कुठून, याचं भूशास्त्रज्ञांमध्ये सर्वाधिक मान्यता असलेलं उत्तर फार सुंदर आहे. चुलीतला जाळ एकाच जागी राहावा आणि वरची भाकरी सरकत जावी, तसा भारताचा भूखंड खोल पोटातल्या एका तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत गेला. आधी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, मग समुद्राच्या तळावर एकेक करत बेटांची रांग उभी राहत गेली. त्या रांगेच्या दक्षिण टोकाला सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीचं मॉरिशस आहे, आणि त्याच्या शेजारी रियुनियन, जिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. वेळणेश्वरचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच जाळावरचे.

माणसांचं नातंही आहे. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी भागातली माणसं होती. त्यांच्या पणतवंडांच्या गणेशोत्सवात आज जी ‘झाकरी’ नाचली जाते, ती आपल्या जाखडीचीच पाती. मजुरांनी जिथे पहिलं पाऊल ठेवलं, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. आणि या बेटावर विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं एक तळं आहे, गंगा तलाव. महाशिवरात्रीला लाखो लोक तिथे पायी जातात. त्याच दिवशी इकडे वेळणेश्वरला यात्रा असते. वद्य चतुर्दशी, म्हणजे पाऊणपटीने भरती साडेदहाला.

गरम पाण्याचं काय? रियुनियनवर सिलाओस नावाचं गाव डोंगरांनी वेढलेल्या एका प्रचंड वाडग्यात वसलं आहे. तिथल्या ऊनपाण्याच्या झऱ्यांवर एकोणिसाव्या शतकापासून लोक सांधे शेकायला जातात. आपल्याकडे अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात, आणि पालघरपासून राजापूरपर्यंत त्यांची माळ आहे. वेळणेश्वरहून चिपळूणमार्गे संगमेश्वर तालुक्यात गेलं की आरवली, तुरळ, राजवाडी. उत्तरेला दापोली तालुक्यात उन्हवरे. आरवलीचं पाणी अंगाला सोसेल असं, उन्हवऱ्याचं उगमाशी 70 अंशांच्या आसपास, म्हणजे भाजणारं. इथे खाली जागा ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा स्नानाने आखडलेले स्नायू आणि सांधे सैल होतात, झोप चांगली लागते, एवढं खात्रीने म्हणता येतं. कातडीच्या सगळ्या रोगांवर उपाय म्हणून जे सांगितलं जातं, त्यावर विसंबून औषध बंद करू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनाही दहा-पंधरा मिनिटं पुरे.

मराठी माणसाला हे सगळं नवं वाटण्याचं कारण नाही. आपल्याकडे याला साधा शब्द होता: हवापालट. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. उरुळीकांचनला 1946 मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून विपश्यना करणारे एकेकटेच जातात.

बाईच्या वाट्याला मात्र हवापालट सहसा आजारपणातच आला. निरोगी बाईच्या विश्रांतीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, माहेरपण. आयतं ताट, डोक्याला तेल, दुपारची झोप. पण आई गेली की माहेरपण आटतं, आणि आई असली तरी हल्ली लेकच तिची काळजी वाहायला जाते. पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बायकांना गेल्या दहा वर्षांत सलग तीन दिवस आपल्या मनाने उठता-बसता आलेलं नाही. एकटीच्या प्रवासाकडे चैन म्हणून बघणाऱ्यांनी आपल्या घरातल्या बाईच्या दिवसाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

एकटीने निघण्याच्या धाडसाचा प्रश्न याच जिल्ह्यातल्या एका बाईने शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या. विधवांसाठीच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी निधी गोळा केला आणि 1918 साली इंग्रजी धड येत नसताना एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे.

त्या मानाने आज वेळणेश्वरला पोचणं अगदीच सोपं. कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने सुमारे 45 किलोमीटरवर गुहागर आणि पुढे वीसेक किलोमीटर. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि एकटीने निघणाऱ्या बाईच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणावी लागेल. त्याच वर्षी राज्याने ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण आणलं. गावात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे आणि ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या लावलेली घरंही आहेत. सकाळी मऊ भात, मेतकूट आणि तूप, दुपारी कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. सांगून ठेवलं तर न्हायला बंबाचं पाणी आणि अंगाला लावायला घरचं खोबरेल तेल मिळतं.

समुद्राशी मात्र खेळ नको. किनारा शांत दिसला तरी ओहोटीचं पाणी आत ओढतं. एकटीने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. शेजारच्या हेदवीला बामणघळ आहे. काळ्या कातळातल्या अरुंद घळीत भरतीची लाट शिरते आणि स्फोट झाल्यासारखी उंच उडते. ती बघायला अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमाराला जावं, पण कातळ शेवाळलेला असतो, काठापासून लांबच उभं राहावं. कुठे निघालो आणि कधी परतणार, हे घरमालकिणीला सांगून जावं. अडचण आली तर 112.

एक अडचण मात्र पर्यटक बाईच्या हातातली नाही. किनाऱ्यावरच्या गावांतून अजूनही फोनवर ‘एकट्याच आहात? मग जमायचं नाही’ असं उत्तर मिळतं. कारण विचारलं तर ‘उगाच भानगड नको’. ज्या गावांचं अर्थकारण मुंबईकरांच्या पाहुणचारावर चालतं, त्या गावांना हे शोभत नाही, आणि परवडणारंही नाही. एकटी आलेली बाई आरडाओरडा करत नाही, खोली नीट ठेवते, आणि चार दिवस चांगले गेले तर पुढच्या खेपेला बहिणीला, मैत्रिणीला घेऊन येते. घरगुती सोय चालवणाऱ्या सगळ्या काका-काकूंना, दादा-वहिनींना एवढीच विनंती: दाराला आतून नीट लागणारी कडी बसवा, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एक दिवा लावा, आणि तुमच्या पाटीवर एक ओळ वाढवा, ‘एकट्या महिलांना खोली मिळेल’.