आमवात, मज्जातंतू आणि रक्तपरीक्षा

आमवातानें, म्हणजे ऱ्हुमॅटॉईड संधिवातानें, बोटें सुजलीं तर त्याचा अर्थ घरांत सर्वांना कळतो. परंतु बोटांना मुंग्या येऊं लागल्या, किंवा एक पाऊल एकाएकीं लुळें पडलें, म्हणजे माणसें गोंधळतात. वास्तविक दोन्हींचें मूळ त्याच रोगांत असूं शकतें. मनगटांतील सुजलेलें अस्तर मज्जातंतूला दाबतें, तेव्हां मुंग्या येतात. मज्जातंतूंना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचाच दाह झाला, तर पाऊल लुळें पडतें. हा प्रकार विरळा, पण अधिक घातक.

रक्त याविषयीं काय सांगतें? आमवाताच्या रोग्याच्या रक्तद्रवानें, विशिष्ट रीतीनें तयार केलेल्या मेंढीच्या रक्तपेशी एकमेकींस चिकटतात, असें नॉर्वेच्या एरिक वालर यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलें. ज्या प्रतिद्रव्यामुळें हें घडतें, तोच ‘ऱ्हुमॅटॉईड फॅक्टर’. रक्तवाहिन्यांच्या दाहांत त्याचें प्रमाण बहुधा फार चढलेलें असतें. तथापि तो कांहीं निरोगी वृद्धांतहि सांपडतो, व कित्येक रोग्यांत सांपडत नाहीं. म्हणून रक्त ही साक्ष होय, निवाडा नव्हे. मज्जातंतूंची परीक्षा विजेच्या साहाय्यानें निराळीच करावी लागते.

श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : पाऊल लुळें पडल्यास, रक्ताचा अहवाल कसाहि असो, त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. उपासमार झालेला मज्जातंतु फार काळ वाट पाहत नाहीं.