संशोधनाची राखण कशी करायची?

देशाचे रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सीमा, रणगाडे आणि विमाने येतात. पण देशाची ताकद प्रयोगशाळेतही तयार होते. रडार, बॅटरी, लस, उपग्रह या सगळ्यांची सुरुवात कुठल्यातरी संशोधनातून होते. त्यातल्या बऱ्याच संशोधनाला सरकार, म्हणजे कर भरणारी जनता, पैसा पुरवते. मग परदेशी सरकारांच्या लुडबुडीपासून हे संशोधन जपायचे कसे? अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जे घडले, त्यातून याचे उत्तर बरेचसे मिळते.

ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स यांनी १०,००० हून अधिक संस्थांना पत्र लिहिले. त्यात तीन धोके सांगितले होते. पहिला, सरकारी पैशातून निघालेले शोध गुपचूप दुसऱ्या देशाकडे वळवणे. दुसरा, अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांनी त्यातली गोपनीय माहिती बाहेर देणे. अर्जात अजून न केलेल्या प्रयोगांच्या कल्पना असतात. त्या आधीच फुटल्या, तर एकाच्या मेहनतीचे फळ दुसरा घेऊन जातो. तिसरा धोका म्हणजे परदेशातून मिळणारा पैसा आणि मदत लपवणे.

या तिसऱ्या धोक्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स लायबर. त्यांना आरोग्य संस्था आणि संरक्षण खात्याकडून संशोधनासाठी मोठे अनुदान मिळत होते. त्याच काळात चीनच्या 'थाउजंड टॅलेंट्स' योजनेतून वुहान येथील एका विद्यापीठाशी त्यांचा करार होता. चौकशीत त्यांनी तो नाकारला. जानेवारी २०२० मध्ये त्यांना अटक झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप नव्हता. त्यांचे गुन्हे होते खोटी माहिती देणे आणि परदेशातली कमाई व बँक खाते लपवणे. चीनबरोबर काम करणे हाच गुन्हा असता, तर जगातले अर्धे विज्ञान थांबले असते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' ही मोहीम सुरू केली. तिच्यात एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली. वर्षभराने सरकारी वकिलांनीच आरोप मागे घेतले, कारण ते सिद्ध होणार नव्हते. चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांकडे विनाकारण संशयाने पाहिले जाते, अशी टीका वाढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीम बंद झाली.

आपल्या देशाने तर हे आधीच भोगले आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये रॉकेटचे तंत्रज्ञान परदेशाला दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचे सांगितले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटक अनावश्यक होती असे म्हणून त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण कामाची गेलेली वर्षे कोणी परत देऊ शकले नाही. शत्रूला न जमलेले नुकसान आपल्याच संशयाने केले.

मग योग्य पहारा कोणता? आपल्या मेन गेटवरचा संत्री काय करतो ते आठवा. तो चेहरा पाहून कोणाला अडवत नाही आणि ओळखीचा म्हणून कोणाला सोडतही नाही. नाव, काम, कोणाकडे आलात, हे रजिस्टरमध्ये लिहून घेतो. संशोधनातही तेच हवे. कोणाकडून पैसे मिळतात, कोणत्या संस्थेशी करार आहे, हे प्रत्येकाने आधीच लिहून द्यायचे. नियम स्पष्ट आणि सर्वांना सारखे असायला हवेत. जे खरोखर धोक्याचे आहे, ते गोपनीय ठरवून कडक कुलपात ठेवायचे आणि बाकीचे खुले ठेवायचे. अमेरिकेत १९८५ पासून मूलभूत संशोधनाबाबत हेच धोरण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये 'जेसन' या शास्त्रज्ञांच्या गटानेही तेच कायम ठेवावे असे सुचवले.

आपल्यातले काही जण उद्या एनडीएत जातील, काही डीआरडीओ किंवा इस्रोच्या प्रयोगशाळेत. तिथे एखाद्या फॉर्ममध्ये 'इतर ठिकाणांहून मिळणारी मदत' असा एक साधा रकाना असेल. तो खरा भरणे हीसुद्धा देशाची राखणच आहे. आणि तपासणारे आपण असलो, तर पुराव्याशिवाय कोणालाही गद्दार न म्हणणे, हीसुद्धा.