चढणीचा मासा : स्कॉटलंडांतील सॅमन व ट्राउट यांचा हंगाम

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला कीं ओढ्यानाल्यांस तांबडें पाणी येतें आणि नदींतील मासे त्या पाण्यावर उलट चढूं लागतात. त्यांस आपण चढणीचे मासे म्हणतों. त्यांचीं पोटें अंड्यांनीं भरलेलीं असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं गांवोगांवचे लोक जाळीं, टोपल्या व काठ्या घेऊन ओढ्यावर धांवतात. प्रस्तुत लेखकानेंहि लहानपणीं हा उद्योग हौसेनें केला आहे. ज्या शेतकऱ्यास कणगींतलें बियाणें दळून खाणें पातक वाटतें, त्यासच हें बियाणें खातांना कांहीं वाटत नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. ती येण्यास स्कॉटलंडच्या सॅमन माशाविषयींचें वाचन कारण झालें. त्या देशाच्या उत्तर भागांत, नदीकांठच्या शिकारी बंगल्यांवर, गळाच्या मासेमारीचा जो हंगाम चालतो त्याची व्यवस्था जमीनधारक वाचकांस उद्बोधक होईल म्हणून येथें देत आहों.

प्रथम हा मासा कोणता तें सांगितलें पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरील रावसास इंग्रजींत 'इंडियन सॅमन' म्हणण्याची चाल आहे. परंतु रावसाचें व सॅमनचें कूळ निराळें. अटलांटिक सॅमनचा जन्म नदीच्या अगदीं वरच्या अंगास, थंड व उथळ ओहोळांत होतो. हिंवाळ्याच्या सुमारास मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनीं गोट्यांच्या रेवेंत खळगा करते, त्यांत अंडीं घालते, आणि नरानें तीं फळविल्यावर गोट्यांनीं झांकून टाकते. गोट्यांच्या फटींतून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यावर हीं अंडीं जगतात. वर गाळाचा थर बसला तर गुदमरून मरतात. वसंतांत बाहेर पडलेलीं पिलें बहुधा दोन-तीन वर्षें नदींतच वाढतात. वीतभर लांबीहि झालेली नसते, तोंच त्यांचें अंग रुपेरी होतें व एप्रिल-मे महिन्यांत तीं समुद्राकडे निघतात. ग्रीनलंड व फेरो बेटांकडील समुद्रांत एक ते तीन वर्षें चरून हा मासा कित्येक पौंड वजनाचा होतो, आणि जन्माच्या पाण्याचा वास ओळखून बहुधा त्याच नदींत परत चढतो. नदींत शिरल्यावर मात्र तो अन्न घेत नाहीं. अंडीं घालून झाल्यावर बहुतेक मासे मरतात. थोडेच पुनः समुद्र गांठतात.

आतां ह्या माशावर हक्क कोणाचा? आमची हयात महसूल खात्यांत हक्कनोंदी लिहिण्यांत गेली, त्यामुळें हा भाग आम्हांस विशेष लक्षणीय वाटला. स्कॉटलंडांत ट्राउट धरण्याचा हक्क कांठच्या जमिनीस लागून असतो. सॅमनचें तसें नाहीं. तो हक्क मूळचा राजाचा, व राजानें ज्यास सनद दिली त्याचा. तो जमिनीपासून निराळा असून स्वतंत्रपणें वारशानें जातो, विकला जातो, भाड्यानें दिला जातो. म्हणून ज्याच्या शेताला नदी लागून वाहते त्यास स्वतःच्या बांधावरून सॅमनला गळ टाकतां येईलच असें नाहीं. परंतु ह्या हक्कावर बोजाहि आहे. १८६२ व १८६८ सालच्या कायद्यांनीं तेथें नद्यांच्या खोऱ्यांवार मंडळें स्थापन झालीं. हक्कदार आपापल्या हक्काच्या आकारणीप्रमाणें मंडळास पट्टी देतात, व त्या पैशांतून नदीचे राखणदार ठेविले जातात. एका नदीची पट्टी त्याच नदीवर खर्च होते, हें त्यांतील मर्म होय.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी उत्तरेकडे गेल्यावर इंग्लंडांतील धनिक हंगामासाठीं तेथें जाऊं लागले. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबानें १८५२ सालीं विकत घेतलेलें बालमोरल डी नदीच्याच कांठीं आहे. नदीचे तुकडे पाडलेले असून एकेका तुकड्यास 'बीट' म्हणतात. तो बहुधा दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें मिळतो. बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्याबरोबर 'गिली' ह्या नांवाचा माहितगार मनुष्य असतो. पाणी किती चढलें असतां मासा कोणत्या खडकाच्या आडोशास विसावतो हें त्यास ठाऊक असतें. आपल्याकडील जुन्या पाटकऱ्यास पाटाचें पाणी कळतें त्यांतलाच हा प्रकार.

ह्या मासेमारींत गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावीत नाहींत. पिसें, केस व रेशमी धागा गळावर बांधून खोटी माशी करतात. माशीला वजन असें नसतेंच, म्हणून फेकावयाची ती दोरी. लवचीक काठीच्या झोल्यानें वजनदार दोरी पुढें जाते आणि तिच्यामागून माशी. सॅमनची काठी तेरा ते पंधरा फूट लांब असून दोन्हीं हातांनीं धरावी लागते. स्पे नदीच्या कांठीं पाठीशीं झाडी व दरडी असल्यामुळें दोरी मागें न उडवितां पाण्यावरच वळसा देऊन फेकण्याची रीत निघाली, व तीस त्या नदीचेंच नांव मिळालें. माशी प्रवाहावर तिरपी टाकावी, पाण्याच्या ओढीनें ती कांठाकडे येऊं द्यावी, दोन पावलें खालीं सरावें व पुनः टाकावी. पाभरीनें तासाशेजारीं तास घेत शेत पेरून काढावें, तसा सगळा डोह पिंजून काढावा लागतो.

ट्राउट नदींतच राहून किडे खातो; म्हणून त्या दिवशीं पाण्यावर जो किडा उडत असेल त्याच्या रूपाची माशी त्यास दाखवितात. सॅमन तर उपाशीच असतो. तो माशी रागानें धरतो कीं जुन्या संवयीनें, ह्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. त्यामुळें आठवड्याचें भाडें भरून रिकाम्या हातानें परतणें ही तेथें नित्याची गोष्ट आहे. ब्रिटनमधील सर्वांत मोठा गळाचा सॅमन ७ ऑक्टोबर १९२२ रोजीं टे नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन ह्या बाईंनीं धरला. त्याचें वजन ६४ पौंड होतें व त्यास वर काढण्यास दोन तासांवर वेळ लागला. मात्र तो खोट्या माशीला लागला नसून आमिषाच्या लहान माशाला लागला होता.

ह्या हंगामाचा खरा आधार बंदीचे दिवस हा आहे. ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सॅमनचा नदीपरत्वें बदलतो : टे नदीवर १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर, स्पे नदीवर ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर, ट्वीड नदीवर १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. रविवारीं सॅमनची मासेमारी बंद असते. गळानें धरलेला सॅमन विकण्यास २००२ सालापासून मनाई आहे. २०१५ सालापासून १ एप्रिलपूर्वीं धरलेला प्रत्येक सॅमन जिवंत सोडावा लागतो. २०१६ सालापासून नद्यांची प्रतवारी लावण्यांत येते, व जेथें मासा कमी तेथें तो वर्षभर सोडून देणें सक्तीचें असतें. आतां धरलेल्या शंभर माशांपैकीं नव्वदांहून अधिक परत पाण्यांत सोडले जातात. बाजारांत मिळणारा स्कॉटिश सॅमन हा समुद्रांतील पिंजऱ्यांत पोसलेला असतो.

एवढें करूनहि मासा घटतच आहे, ही दुःखाची गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. गळानें धरलेल्या माशांची नोंद तेथें १९५२ सालापासून ठेविली जाते. तींत २०२३ सालचा आंकडा त्या वर्षापर्यंतचा सर्वांत नीच ठरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची गणना संकटग्रस्त जातींत झाली. समुद्र तापत आहे, त्यांतील चारा बदलत आहे, पिंजऱ्यांतील माशांच्या उवा रानमाशांस लागतात, उन्हाळ्यांत ओहोळांचें पाणी ऊन होतें. समुद्रावर इलाज चालत नाहीं, म्हणून तेथील लोक आतां नदीच्या उगमाकडे वळले आहेत. डी नदीच्या उपनद्यांवर सावलीसाठीं झाडें लावीत आहेत. गुरें कांठ तुडवूं नयेत म्हणून ठिकठिकाणीं कुंपणें घालीत आहेत. निरुपयोगी बंधारे काढीत आहेत. टमेल नदीवर पिटलॉक्री येथें १९५१ सालीं पुरें झालेल्या धरणाला माशांस चढण्यासाठीं ३४ टांक्यांचा जिना मुद्दाम ठेविलेला आहे. म्हणजे खालच्या बंगल्याचें भाडें शेवटीं वरच्या शेतकऱ्याच्या बांधावर अवलंबून आहे.

आपल्या नद्यांत सॅमन नाहीं व आपणांस गळाचे बंगलेहि उभारावयाचे नाहींत. परंतु चढणीचा मासा आपल्या शिवारांतहि येतो. महाडच्या बाजूस काळ नदीवर वाळणकोंड येथें देवीच्या नांवानें डोह राखलेला आहे, व तेथें महसीर जातीचे मोठाले मासे निर्भयपणें फिरतात. तेथें श्रद्धेनें जें साधलें तें इतरत्र गांवच्या ठरावानेंहि साधेल. पहिल्या पावसाच्या दिवसांत चढता मासा धरूं नये. डोहांत विष किंवा सुरुंगाची दारू घालूं देऊं नये. ओढ्याच्या कडेची दोन हात पट्टी न नांगरतां गवताखालीं ठेवावी, म्हणजे आपली माती शेतांत राहील व गाळ अंड्यांवर बसणार नाहीं. हें करण्यास पैसा लागत नाहीं. स्कॉटलंडांत राखण, कायदा व पट्टी असूनहि उशीर झाला. आपल्या कित्येक ओढ्यांत अजून मासा चढतो आहे, तोंच ही व्यवस्था लावलेली बरी.